घटक ४ : वस्तूचे नाव आणि वस्तूचे मोल – पुएब्ला नगरातील हस्तकलांचा बाजार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

• स्थलनामापासून वस्तुवाचक सामान्यनाम कसे तयार होते, ते सोदाहरण सांगता येईल.
• अर्थविस्तार व अर्थसंकोच या प्रक्रिया बाजाराच्या भाषेत कशा घडतात, ते स्पष्ट करता येईल.
• व्युत्पत्ती आणि लोकव्युत्पत्ती यांतील फरक ओळखता येईल.
• हस्तकलेच्या वस्तूवरील मजकूर व विक्रेत्याचे बोलणे यांचे भाषिक विश्लेषण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थपरिवर्तनाच्या प्रक्रियांचा परिचय तुम्हांला यापूर्वी झाला आहे. प्रस्तुत घटकात त्या प्रक्रिया आपण ग्रंथांबाहेर, थेट बाजारात पाहणार आहोत.

लग्नसराईत साडीच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकाने 'सेमी पैठणी' हा शब्द ऐकलेला असतो. या शब्दातील 'सेमी'चा अर्थ काय? अर्धी पैठणी म्हणजे नेमके अर्धे काय? वीण, जर, रेशीम, की केवळ पदरावरच्या मोरांची नक्षी? दुकानदार येथे खोटे बोलत नाही. पण पुरते खरेही सांगत नाही. 'पैठणी' या नावाचा मान त्याला हवा असतो आणि त्या नावाची जबाबदारी मात्र 'सेमी' या छोट्या शब्दाने तो बाजूला ठेवतो. ग्राहक आपली पुंजी मोजतो ती वस्तूसाठी आणि तितकीच त्या नावासाठीही.

रोजच्या वापरातले शब्द आपल्याला सहसा दिसत नाहीत. ते डोळ्यांवरच्या चष्म्यासारखे असतात. म्हणून या घटकासाठी दूरचे एक उदाहरण निवडले आहे. मेक्सिको देशातील पुएब्ला हे वसाहतकालीन नगर हस्तकलांसाठी प्रसिद्ध असून तेथील बाजारात 'नाव कोणाचे, वस्तू कोणाची' हा प्रश्न गेली साडेतीनशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्या बाजारातून फेरफटका मारून आपण पुन्हा आपल्या बाजाराकडे येऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नगराचा परिचय

पुएब्ला हे नगर मेक्सिको सिटीच्या आग्नेयेस आहे. स्पॅनिश सत्ताधीशांनी १५३१ मध्ये ते वसवले. स्पॅनिशमध्ये 'पुएब्ला' या शब्दाचा अर्थच 'वसवलेली वस्ती' असा आहे. म्हणजे हे विशेषनामही मुळात सामान्यनाम होते. अटलांटिक किनाऱ्यावरील वेराक्रूस बंदर आणि राजधानी यांना जोडणाऱ्या मार्गावर असल्यामुळे नगराची व्यापारी भरभराट झाली. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, चर्चचे घुमट आणि रंगीत चकचकीत फरशांनी मढवलेले घरांचे दर्शनी भाग ही त्याची ओळख होय. १९८७ मध्ये युनेस्कोने या नगराच्या ऐतिहासिक भागाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

येथे येणारा प्रवासी बहुधा काहीतरी 'आठवण' घेऊन जाऊ इच्छितो. स्पॅनिशमध्ये अशा वस्तूला 'रेकुएर्दो' म्हणतात आणि 'स्मरण' या भाववाचक अर्थीही तोच शब्द वापरतात. मराठीतही 'आजीची आठवण' म्हणजे आजीविषयीची स्मृती आणि आजीने दिलेली वाटीसुद्धा. दोन परस्परांपासून दूरच्या भाषांनी एकच अर्थांतर केले आहे, हे ध्यानात ठेवा.

४.२.२ बाजारातील शब्दांचा प्रवास

हस्तकलांच्या वस्तूंसाठी पर्यटक ज्या बाजारात प्रथम जातात, त्याचे नाव 'एल पारियान'. हा शब्द मुळात मेक्सिकोचा नाही. फिलिपीन्समधील मनिला येथे चिनी व्यापाऱ्यांची जी पेठ होती, तिचे नाव पारियान. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत. त्यांतून रेशीम, मसाले आणि चिनी मातीची भांडी येत. मालाबरोबर पेठेचे नावही आले.

या गलबतांतून माणसेही आणली जात आणि त्यांपैकी अनेक गुलाम असत. सतराव्या शतकात भारतातून पळवून, कोचीन व मनिलामार्गे पुएब्लात आणून विकलेली एक मुलगी पुढे कातारीना दे सान ख्वान या नावाने ओळखली गेली. तिच्या धर्मनिष्ठेमुळे नगरात तिला मोठा मान मिळाला. १६८८ मध्ये ती तेथेच निवर्तली. लोक तिला 'चीना' म्हणत. कारण त्या काळी तेथे आशियातून आलेल्या कोणासही 'चीनो' वा 'चीना' म्हणण्याची रीत होती. एका देशाच्या नावाने अवघे खंड व्यापले, असे हे अर्थविस्ताराचे ठळक उदाहरण होय. आज पुएब्लाच्या दुकानांत 'चीना पोब्लाना' नावाच्या पोशाखाच्या बाहुल्या मिळतात. हा झगमगीत पोशाख एकोणिसाव्या शतकातील आहे. कातारीनाशी त्याचा संबंध जोडणारी कथा ही नावाच्या साम्यावरून रचली गेलेली दंतकथा मानली जाते. वस्तूला नाव मिळाले की नाव स्वतःसाठी कथा शोधते, हा बाजाराचा नियम येथे दिसतो.

एल पारियानजवळच 'कासा दे अल्फेनिके' ही अठराव्या शतकातील वास्तू आहे. तिच्या दर्शनी भागावरील पांढरे नक्षीकाम साखरेच्या मिठाईसारखे दिसते, म्हणून हे नाव. 'अल्फेनिके' ही साखरेच्या पाकाची मिठाई. स्पॅनिशमध्ये हा शब्द अरबीतून आला, अरबीत फार्सीतून आणि फार्सीत संस्कृत 'फाणित' या शब्दापासून. उसाचा आटवलेला रस म्हणजे फाणित. आपल्या काकवीच्या कुळातला पदार्थ. सांगलीच्या गुऱ्हाळापासून इतक्या दूर उभ्या असलेल्या घराच्या नावात हा शब्द सापडावा, हे भाषेच्या अभ्यासकाला मिळालेले सुखद बक्षीसच म्हणावे लागेल.

मात्र व्युत्पत्ती शोधताना सावध राहावे लागते. घरांवरील चकचकीत फरशांना 'असुलेखो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'असुल' म्हणजे निळा; त्यामुळे 'निळी ती असुलेखो' असे अनेकांस वाटते. परंतु हा शब्द झिलईदार फरशीसाठी असलेल्या अरबी शब्दापासून आला असून निळ्या रंगाशी त्याचा मुळात संबंध नाही. ध्वनिसाम्यावरून लावलेल्या अशा अर्थाला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

४.२.३ तालावेरा : गावाचे नाव, भांड्याचे नाव

पुएब्लातील सर्वांत मानाची वस्तू म्हणजे 'तालावेरा' नावाची मृत्पात्रे : ताटे, फुलदाण्या, बरण्या, फरशा. तालावेरा दे ला रेइना हे स्पेनमधील कुंभारकामासाठी ख्यातनाम गाव. तेथील पद्धत मेक्सिकोत रुजली आणि गावाचे नाव भांड्याला मिळाले. स्थलनामापासून झालेले हे सामान्यनाम होय. झिलईदार मातीकामाच्या जगात अशी नावे विपुल आहेत. अशा भांड्यांना युरोपात 'मायोलिका' म्हणतात, ते मायोर्का या बेटावरून. आणि आपण चहाच्या कपाला 'चिनी मातीचा' म्हणतो, ते चीन देशावरून.

मराठीतील पैठणी, कोल्हापुरी, इरकली, चंदेरी ही नावे याच घडणीची आहेत. यांपैकी पैठणीचे साम्य विशेष लक्षणीय आहे. आज पैठणी म्हटले की येवल्याचे माग आठवतात. तालावेरा जशी स्पेनमधील तालावेरापासून समुद्रापार पुएब्लात घडते, तशी पैठणी पैठणपासून दूर येवल्यात विणली जाते. म्हणजे अशा नावाचा अर्थ 'त्या गावी झालेली वस्तू' एवढाच राहत नाही. 'त्या रीतीने झालेली वस्तू' असा तो होतो.

ही रीत कोणती? दोन प्रकारची माती एकत्र करून, गाळून, मुरवून भांडे घडवतात. ते वाळल्यावर भट्टीत एकदा भाजतात. नंतर कथिलयुक्त पांढरी झिलई चढवून तिच्यावर हाताने नक्षी रंगवतात आणि भांडे दुसऱ्यांदा भाजतात. झिलई कोरी असताना ब्रश टेकला की रंग शोषला जातो; चुकलेली रेघ पुसता येत नाही. एकेका वस्तूला काही महिने लागू शकतात. पूर्वी कोबाल्टचा निळा रंग महाग होता, म्हणून निळी नक्षी उत्तम दर्जाची खूण ठरली. चिनी भांड्यांच्या अनुकरणाचाही तो परिणाम होता.

४.२.४ अर्थ सैलावतो, अर्थ आवळला जातो

१६५३ मध्ये पुएब्लातील कुंभारांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, आपले नियम ठरवले. त्यांत भांड्यांचे दर्जे निश्चित केले होते आणि प्रत्येक उस्तादाने आपल्या मालावर स्वतःची खूण करावी, असे बंधन घातले होते. नकली मालाचा उपद्रव तेव्हाही होता, हे यावरून उघड होते.

भाषेच्या दृष्टीने याकडे पाहा. बाजारात लोकप्रिय नावाचा अर्थ आपोआप पसरतो. निळी-पिवळी नक्षी असलेले कोणतेही भांडे 'तालावेरा' होते. छापील नक्षी चिकटवलेला कपही 'तालावेरा' होतो. हा अर्थविस्तार. याउलट संघाचा नियम किंवा शासनाचा कायदा त्या नावाभोवती कुंपण घालतो आणि अर्थ जाणीवपूर्वक आवळतो. हा अर्थसंकोच. मेक्सिकोने १९९० च्या दशकात 'तालावेरा' या नावाला मूळस्थानदर्शक नावाचे संरक्षण दिले. ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीने घडवलेल्या आणि प्रमाणित झालेल्या वस्तूलाच ते नाव अधिकृतपणे लावता येते. २०१९ मध्ये मेक्सिको व स्पेन येथील या कारागिरीची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत संयुक्त नोंद झाली. आपल्याकडील भौगोलिक मानांकन याच जातीचे संरक्षण आहे. पैठणीला ते मिळालेले आहे; कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाले आणि त्यात महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातील जिल्ह्यांचाही समावेश आहे.

कुंपण घातले की पळवाटही निघते. पुएब्लाच्या बाजारात 'तिपो तालावेरा' असे शब्द आढळतात. 'तिपो' म्हणजे 'प्रकारचे'. आपल्या 'सेमी पैठणी'तील 'सेमी' आणि हा 'तिपो' एकाच कामाचे आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने ते अर्थ मर्यादित करणारे शब्द. व्यवहारात मात्र ग्राहकाच्या कानात उरते ते नाम, आणि आधीचा छोटा शब्द हवेत विरतो.

सर्वच नावे फसवणुकीसाठी सैल झालेली नसतात. याच बाजारात मिळणाऱ्या, तेकाली परिसरातील दगडी वस्तूंना 'ओनिक्स' म्हणतात. खनिजशास्त्रानुसार तो दगड ओनिक्स नसून कॅल्साइट आहे. तेथे हे नाव रूढीने स्थिरावले आहे आणि कोणी कोणाला ठकवत नाही. म्हणून शब्द सैल आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या सैलपणाचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला होतो, तेही पाहावे.

४.२.५ गाळलेला कर्ता

हस्तकलेच्या वस्तूंवर 'एचो आ मानो' असे लिहिलेले असते. 'हाताने केलेले' असा त्याचा अर्थ. या रचनेचे व्याकरण तपासा. 'केलेले' हे कर्मावर बेतलेले धातुसाधित आहे. 'हाताने' हे करण आहे. कर्ता कोठे आहे? तो गाळलेला आहे. 'हाताने केलेले' हे आपल्याला समजते, पण कोणाच्या हाताने, हे समजत नाही. 'हातमागावर विणलेली साडी' या आपल्या रचनेतही विणणारा नाही. वाक्यातून कर्ता जितक्या सहजपणे गळतो, तितक्याच सहजपणे तो मोबदल्यातूनही गळू शकतो.

आता प्रमाणित तालावेराचे भांडे उलटे करून पाहा. त्याच्या तळाशी कार्यशाळेची खूण, रंगवणाऱ्याची आद्याक्षरे आणि स्थळाचे नाव असते. ही सही म्हणजे वाक्यातला गाळलेला कर्ता परत आणून बसवणे होय. १६५३ च्या नियमांतील खुणेचा अर्थही हाच होता.

सहीबरोबर वस्तूचे शरीरही साक्ष देते. झिलई दुधाळ असते, पांढरीफेक नसते. तिच्यावर केसासारखे बारीक तडे दिसतात. रंग किंचित उठून आलेले बोटांना जाणवतात. निळा, पिवळा, हिरवा, काळा, नारिंगी आणि फिकट जांभळा एवढेच रंग मान्य आहेत. भांड्याचा टेकणारा कडा झिलईविना असून तेथे मातीचा मूळ रंग दिसतो. अशा वेळी लेबल न वाचता वस्तूच वाचावी लागते.

४.२.६ घासाघिशीची भाषा

मेक्सिकोच्या बाजारात विक्रेता ग्राहकाला 'मार्चांते' म्हणतो आणि ग्राहकही विक्रेत्याला तसेच संबोधू शकतो. एकच संबोधन दोन्ही बाजूंनी चालते. आपण मराठीत नात्याची शब्दे वापरतो : भाजीवाली 'मावशी' होते, ग्राहक 'ताई' किंवा 'दादा' होतो. दोन्हीकडे हेतू एकच. पैशाच्या व्यवहाराला माणुसकीचे अस्तर लावणे.

दिवसाच्या पहिल्या विक्रीचे पैसे हाती आले की अनेक मेक्सिकन विक्रेते त्या नोटेने क्रूसाची खूण करतात. ही त्यांची 'भवानी'. सौदा पटल्यावर मिळणाऱ्या चिमूटभर जादा मालाला 'पिलोन' म्हणतात; भाजीवर टाकलेली कोथिंबिरीची काडी ही आपली पिलोन. 'कमीत कमी किती?' हा प्रश्नही दोन्ही बाजारांत सारखाच ऐकू येतो.

परंतु घासाघिशीलाही संदर्भ असतो. एल पारियानमध्ये भाव विचारणे ही रीत आहे. कार्यशाळेच्या स्वतःच्या दुकानात, उदाहरणार्थ १८२४ पासून चालत आलेल्या उरिआर्ते या कार्यशाळेत, किंमत ठरलेली असते. सान पाब्लितो या गावातील ओतोमी लोक झाडाच्या सालीपासून 'आमाते' नावाचा कागद बनवतात. असा कागद कारागीर स्वतः विकत असेल, तर कमी केलेला प्रत्येक पेसो तिच्या वा त्याच्या श्रमातून वजा होतो. येथे 'शेवटचा भाव सांगा' म्हणण्यापूर्वी 'हे कोणी केले?' आणि 'किती दिवस लागले?' हे दोन प्रश्न विचारावेत. खाण्याच्या भांड्यांबाबत तिसरा प्रश्न अनिवार्य आहे : 'सिन प्लोमो?', म्हणजे 'शिसे नाही ना?' स्वस्त झिलईतील शिसे अन्नात उतरते आणि त्याचा अपाय लहान मुलांना सर्वाधिक होतो. येथे शब्दाचा खरेपणा थेट आरोग्याशी भिडतो.

४.२.७ संरक्षित नावाची दुसरी बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा समज होईल की प्रमाणित तेवढे खरे आणि बाकी सारे नकली. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. प्रमाणपत्रासाठी खर्च येतो, तपासण्या होतात, नोंदी ठेवाव्या लागतात. पुएब्लात प्रमाणित कार्यशाळा मोजक्याच आहेत. ज्या लहान कारागिराने जन्मभर त्याच रीतीने भांडी घडवली, पण प्रमाणपत्र घेतलेले नाही, त्याला आपल्या कामाला आपल्या वडिलांनी वापरलेले नाव लावता येत नाही. तो मग 'मायोलिका' असा शब्द वापरतो. नकली मालाला अडवण्यासाठी घातलेले कुंपण कधी कधी घरच्या माणसालाही बाहेर ठेवते.

तेव्हा कायद्याने अर्थ आवळला तरी नावाचा अंतिम रक्षक कायदा नसतो. विचारपूर्वक विचारणारा ग्राहक आणि स्पष्ट उत्तर देणारा विक्रेता हे त्याचे रक्षक असतात. छापील नक्षीच्या कपाला 'छापील नक्षीचा कप' म्हणून विकणे आणि विकत घेणे यात काहीच गैर नाही. ऐपतीप्रमाणे 'सेमी' साडी नेसण्यातही कमीपणा नाही. गैर आहे ते महिनोन् महिने मागावर बसलेल्या विणकराचे नाव दुसऱ्याच वस्तूला देणे. तुमच्यापैकी काहीजण दुकान चालवत असतील, काहींच्या घरी माग असेल, काहीजण लेकीच्या लग्नासाठी पैसे साठवत असतील. 'ही पैठणी आहे' हे वाक्य उच्चारताना वा ऐकताना तुम्ही त्या शब्दाचा अर्थ राखत असता किंवा घालवत असता.

४.३ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.
१. 'पारियान' हे नाव मुळात ______ येथील चिनी व्यापाऱ्यांच्या पेठेचे होते.
२. 'अल्फेनिके' या शब्दाचे मूळ संस्कृत ______ या शब्दात आहे.

आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. 'असुलेखो' हा शब्द 'असुल' म्हणजे निळा या शब्दापासून झाला आहे.
२. आशियातील कोणासही 'चीना' म्हणणे हे अर्थविस्ताराचे उदाहरण आहे.

४.४ सारांश

गावाचे नाव वस्तूला मिळते, तेव्हा त्यात स्थळ, रीत आणि दर्जा यांचे वचन सामावते. बाजारात त्या नावाचा अर्थ पसरतो. संघ वा कायदा तो आवळतो. 'तिपो' आणि 'सेमी' यांसारखे शब्द या दोहोंमधून वाट काढतात. 'हाताने केलेले' या रचनेत कर्ता गळतो आणि भांड्याच्या तळावरची सही त्याला परत आणते. संरक्षित नावामुळे कारागिराला आधार मिळतो, तसेच काही प्रामाणिक कारागीर बाहेरही राहतात. म्हणून वस्तू घेताना नाव ऐकावे, वस्तू वाचावी आणि कर्त्याची विचारपूस करावी.

४.५ पारिभाषिक शब्द

अर्थविस्तार : शब्दाचा अर्थ पूर्वीपेक्षा अधिक व्यापक होणे.
अर्थसंकोच : शब्दाचा अर्थ पूर्वीपेक्षा मर्यादित होणे.
लोकव्युत्पत्ती : केवळ ध्वनिसाम्यावरून शब्दाचे मूळ ठरवणे.
भौगोलिक मानांकन : विशिष्ट प्रदेशातील वस्तूच्या नावास मिळणारे कायदेशीर संरक्षण.
झिलई : मातीच्या भांड्यावरील काचेसारखा चकचकीत थर.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. मनिला २. फाणित
आ) १. चूक २. बरोबर

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'तालावेरा' आणि 'पैठणी' या नावांच्या अर्थपरिवर्तनाची तुलना करा.
२. 'हाताने केलेले' या रचनेतील कर्त्याचा लोप आणि त्याचे व्यावहारिक परिणाम स्पष्ट करा.
३. संरक्षित नावाचे लाभ आणि मर्यादा यांची चर्चा करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील आठवडी बाजारात किंवा कापडपेठेत जा. स्थलनामापासून झालेली किमान पाच वस्तुनामे टिपून घ्या. प्रत्येक वस्तू प्रत्यक्षात कोठे तयार झाली, ते विक्रेत्याला विचारा. 'सेमी', 'टाइप', 'स्टाइल', 'सारखी' यांपैकी कोणते शब्द तो वापरतो, याची नोंद करा. शेवटी एकच प्रश्न विचारा : 'हे कोणी केले?' मिळालेले उत्तर विक्रेत्याच्याच शब्दांत लिहून काढा. उत्तर मिळाले नाही, तर तेही नोंदवा.